तोकाइदोचा नवा मार्ग आणि त्याचा हिशेब

विकसनशील देशाने अतिवेगवान रेल्वेवर पैसा घालावा की नाही, हा प्रश्न भारतात मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या निमित्ताने विचारला जाऊ लागला असला, तरी त्याची पहिली कसून चर्चा झाली ती १९५० च्या दशकातल्या जपानमध्ये. आज जपानची गणना श्रीमंत राष्ट्रांत इतक्या सहजपणे होते, की तोक्यो–ओसाका हा जगातला पहिला अतिवेगवान लोहमार्ग बांधायला घेतला तेव्हा हा देश जागतिक बँकेचा कर्जदार होता, युद्धात बेचिराख झालेली शहरे नुकतीच उभी करत होता, आणि आपल्या नागरिकांना हौसेखातर परदेशी जाऊ देण्याइतके परकीय चलनही त्याच्यापाशी नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही. परदेश पर्यटनावरचे निर्बंध १९६४ च्या एप्रिलमध्ये सैल झाले. प्रगत औद्योगिक देशांचे मंडळ असलेल्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचे सदस्यत्वही जपानला त्याच महिन्यात मिळाले. नवा लोहमार्ग सुरू झाला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. त्याचा निर्णय, त्याचे कर्ज आणि त्याचे जवळजवळ सगळे बांधकाम त्याआधीच्या ओढगस्तीच्या वर्षांतले आहे.

जपानी रेल्वेचा जन्मही कर्जावरच झाला होता. १८७० मध्ये मेइजी सरकारने लंडनच्या बाजारात दहा लाख पौंडांचे कर्जरोखे नऊ टक्के व्याजाने विकले आणि त्यातल्या एका हिश्श्यातून तोक्योतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंतचा हा सुमारे २९ किलोमीटरचा मार्ग बांधायला घेतला. त्याची देखरेख करणारा एडमंड मोरेल हा इंग्रज अभियंता १८७१ मध्येच वारला आणि मार्ग पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात रीतसर खुला झाला. हा पैसा आधी फौजेवर खर्च व्हावा असे सायगो ताकामोरी यांच्यासारख्या लष्करी नेत्यांचे म्हणणे होते. ओकुमा शिगेनोबू आणि इतो हिरोबुमी या दोघांनी तो विरोध मोडून काढला. गरीब देशात रेल्वे आधी की आणखी काही आधी, हा वाद म्हणजे जपानी रेल्वेइतकाच जुना आहे.

या पहिल्या मार्गावर दोन रुळांमधले अंतर, ज्याला गेज म्हणतात, ३ फूट ६ इंच म्हणजे १०६७ मिलिमीटर ठरले. युरोपात बहुतेक ठिकाणी ४ फूट साडेआठ इंचांचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरचे 'प्रमाण माप' रूढ झाले होते, तर भारतात डलहौसीच्या निर्णयाने त्याहूनही रुंद असे ५ फूट ६ इंचांचे माप आले होते. अरुंद मापात वळणे अधिक तीव्र घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात, आणि त्यामुळे थोड्या पैशांत जास्त लांबीचा मार्ग होतो. मात्र डब्यांची रुंदी, इंजिनांचा आकार आणि गाडीचा वेग यांवर कायमची मर्यादा येते. ही मर्यादा जपानला लवकरच जाणवू लागली. जुन्या राजरस्त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'तोकाइदो' लोहमार्ग १८८९ मध्ये शिंबाशीपासून कोबेपर्यंत पुरा झाला, १९०६–०७ मध्ये खासगी मुख्य मार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर दशकभर जपानी राजकारणात गेजवरून अक्षरशः दोन पक्ष पडले. गोतो शिम्पेई आणि त्यांच्याभोवतीचे अभियंते मुख्य मार्ग प्रमाण मापाचे करावेत म्हणत होते. हारा ताकाशी यांचा सेइयुकाई पक्ष म्हणत होता की आधी जिथे रेल्वेच नाही त्या जिल्ह्यांत ती न्या, सुधारणा मागाहून करता येईल.

हारा यांच्या भूमिकेला केवळ मतांचे राजकारण म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, आणि त्यात मतांचे राजकारण भरपूर होतेही; परंतु ज्या खोऱ्यातला तांदूळ आणि रेशीम बाजारापर्यंत पोचवायला धड रस्ताही नव्हता, तिथल्या शेतकऱ्याला तोक्यो–ओसाका प्रवास दोन तासांनी कमी होण्यात काय स्वारस्य असणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. हारा पंतप्रधान झाल्यावर रुंदीकरणाचा विचार सोडून देण्यात आला आणि त्याचे खंदे पुरस्कर्ते शिमा यासुजिरो यांनी १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडली. त्यांचा मुलगा हिदेओ पुढे याच रेल्वेत इंजिनांचा अभियंता झाला.

प्रमाण मापाचा प्रश्न पुन्हा निघाला तो युद्धाच्या निमित्ताने. चीनच्या मुख्य भूमीवर सैन्य आणि सामान पोचवताना तोकाइदो आणि त्यापुढचा सान्यो हे मार्ग तुंबू लागले, तेव्हा तोक्यो ते शिमोनोसेकी असा प्रमाण मापाचा, सर्वस्वी वेगळा मार्ग बांधण्याची योजना १९४० मध्ये संसदेने मंजूर केली. ताशी २०० किलोमीटर वेगाचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेला बंदुकीच्या गोळीवरून 'दांगान रेश्शा' असे नाव पडले. इंग्रजीतून जगभर गेलेला 'बुलेट ट्रेन' हा शब्द मुळात त्या लष्करी योजनेचा आहे, शांततेच्या काळातल्या गाडीचा नाही. योजना पंधरा वर्षांची होती आणि प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांत युद्धानेच ती गिळली, पण तोपर्यंत वाटेतली काही जमीन सरकारने घेऊन ठेवली होती, निहोनझाका बोगदा जवळजवळ पुरा होत आला होता आणि शिन-तान्ना बोगद्याचे तोंड खणले गेले होते. तोक्यो–ओसाका मार्ग १९५९ ते १९६४ अशा साडेपाच वर्षांत झाला, याचे कौतुक करताना हे पूर्वसंचित बहुधा हिशेबात धरले जात नाही. युद्धकाळातल्या अनियंत्रित सरकारने ज्या रीतीने जमिनी घेतल्या, ती रीत लोकशाहीत चालणारी नव्हती. तिचा फायदा मात्र लोकशाही सरकारला झाला.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर परिस्थिती अशी होती, की लांबीने राष्ट्रीय रेल्वेच्या जाळ्याचा जेमतेम ३ टक्के असलेला तोकाइदो मार्ग देशातल्या एकूण रेल्वे प्रवासी वाहतुकीपैकी सुमारे २४ टक्के आणि मालवाहतुकीपैकी सुमारे २३ टक्के वाहत होता. कोळसा, कापड, पोलाद, कामगार आणि कारकून एकाच दुहेरी मार्गावर होते. १९५६ च्या नोव्हेंबरात त्याचे विद्युतीकरण पुरे झाले, तोक्यो–ओसाका अंतर साडेसात तासांवर आले, आणि तरीही मार्गाची क्षमता काही वर्षांतच संपणार हे उघड होते. पुढे काय करायचे याबद्दल तीन मते होती: जुन्या मार्गाशेजारी अरुंद मापाचेच आणखी दोन रूळ टाकायचे, अरुंद मापाचा वेगळा मार्ग काढायचा, किंवा प्रमाण मापाचा सर्वस्वी नवा मार्ग बांधायचा. या तिन्हींच्या विरोधात चौथे मत असे होते की रेल्वेवर आता नवा पैसा घालूच नये, कारण अमेरिकेत प्रवासी रेल्वे मोडकळीस येत आहे आणि पुढला काळ मोटारींचा व विमानांचा आहे. हे मत मांडणाऱ्या टीकाकारांनी नव्या मार्गाची तुलना, विमानांचे युग सुरू झाल्यावर प्रचंड खर्चाने बांधलेल्या आणि बुडालेल्या 'यामातो' या युद्धनौकेशी केली. जपानी वाचकाला ही तुलना किती झोंबली असेल याची कल्पना करता येते. सरकारने मात्र दोन्ही डाव खेळले: नागोया–कोबे द्रुतगती महामार्गासाठीही जागतिक बँकेचे कर्ज १९६० मध्ये घेतले गेले.

प्रमाण मापाचा पर्याय पुढे रेटला तो सोगो शिंजी यांनी. गोतो शिम्पेई यांच्या हाताखाली रेल्वेत तयार झालेले, पुढे दक्षिण मांचुरिया रेल्वेचे संचालक झालेले सोगो १९५५ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले, तेही शिउन मारू ही रेल्वेची प्रवासी नौका बुडून १६८ माणसे दगावल्यानंतर आधीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले म्हणून. त्यांनी शिमा हिदेओ यांना मुख्य अभियंता म्हणून परत बोलावले. १९५१ मध्ये साकुरागिचो स्थानकावर विजेच्या गाडीला आग लागून शंभरावर प्रवासी होरपळले, त्यानंतर शिमा रेल्वे सोडून गेले होते. त्यांच्या मदतीला रेल्वेच्या तंत्र संशोधन संस्थेत एक अनपेक्षित पिढी होती. पराभवानंतर जपानला विमाने बांधण्याची मनाई झाल्यामुळे नौदलाचे आणि लष्कराचे काही उत्तम अभियंते रेल्वेत आले होते: विमानांच्या पंखांतल्या कंपनांचा अभ्यास केलेले मात्सुदाइरा तादाशी डब्यांच्या चाकांचे हेलकावे तपासत होते, बाँबफेकी विमानांचे आराखडे काढलेले मिकी तादानाओ गाडीच्या आकारावर काम करत होते, आणि लष्करात संदेशयंत्रणा पाहिलेले कावानाबे हाजिमे चालकाच्या डब्यातच संकेत दाखवून गरजेप्रमाणे आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा घडवत होते. ३० मे १९५७ रोजी गिंझा भागातल्या एका सभागृहात या मंडळींनी जाहीर व्याख्याने देऊन तोक्यो–ओसाका तीन तासांत शक्य आहे असे सांगितले आणि लोकमताचे पारडे हलले.

शिमा यांची मूळ कल्पना मुंबईकराला परकी वाटू नये. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे पुढे एक वजनदार इंजिन आणि मागे ओढले जाणारे डबे, ही रीत त्यांनी सोडली आणि डब्यांच्याच खाली मोटारी बसवून सगळ्या गाडीभर शक्ती वाटून दिली. मुंबईची विजेची लोकल १९२५ पासून धावते आहे ती मोटारी बसवलेल्या डब्यांच्या याच जातीची आहे. अशा गाडीत कोणत्याही एका चाकावर फार वजन येत नाही, त्यामुळे रूळ आणि पूल हलके बांधता येतात. गाडी वेग लवकर पकडते व सोडते, आणि टोकाला इंजिन फिरवून लावण्यात वेळ जात नाही. १९५८ मध्ये जुन्या मार्गावर 'कोदामा' ही अशी गाडी सुरू करून त्यांनी ती लांब अंतरावरही चालते हे दाखवून दिले. वेगापेक्षा महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे नव्या मार्गावर एकही फाटक नव्हते आणि त्यावर दुसऱ्या कोणत्याही जातीची गाडी धावणार नव्हती. जगात सिद्ध झालेली साधी तंत्रे एकत्र करून एक बंदिस्त व्यवस्था उभी करायची, यात धाडस होते, पण जुगार नव्हता.

पैशाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. अभियंत्यांचा खरा अंदाज ३०० अब्ज येनच्या वर जात होता. सोगो यांनी तो कमी करून घेतला आणि संसदेपुढे २०० अब्जांच्या आतला आकडा गेला. पुढल्या सरकारने मध्येच हात आखडता घेऊ नये म्हणून अर्थमंत्री सातो एइसाकू यांनी, जे स्वतः रेल्वे खात्यात वाढलेले होते, जागतिक बँकेकडे जाण्याचा सल्ला दिला, कारण एकदा आंतरराष्ट्रीय करार झाला की उरलेला पैसा उभा करून काम पुरे करण्याची जबाबदारी जपान सरकारवर येत होती. प्रयोगावस्थेतल्या तंत्राला बँक पैसे देत नसे, तेव्हा शिमा यांनी यात नवीन असे काहीच नाही हे बँकेला पटवले. रात्री याच मार्गावरून मालगाड्या धावतील असेही योजनेत दाखवले गेले, आणि त्या कधीच धावल्या नाहीत. मे १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने आणि पावणेसहा टक्के व्याजाने मंजूर झाले. तेव्हाच्या ३६० येन या ठरावीक दराने ही रक्कम २८.८ अब्ज येन होते, म्हणजे अंतिम खर्चाच्या आठ टक्क्यांहूनही कमी. बाकीचा सगळा पैसा रेल्वेचे रोखे, सरकारी कर्जे आणि भाडे यांतून आला. बँकेच्या पैशापेक्षा बँकेच्या सहीला किंमत होती.

भारतानेही त्याच बँकेचे पहिले कर्ज रेल्वेसाठीच घेतले होते, जपानच्या या कर्जाच्या बारा वर्षे आधी. १९४९ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेले ३ कोटी ४० लाख डॉलर इंजिनांच्या खरेदीसाठी होते, कारण युद्धकाळात झिजलेल्या आणि फाळणीने तुटलेल्या रेल्वेला सर्वांत आधी ओढणारी शक्ती हवी होती. दोन्ही देशांनी आपापल्या तेव्हाच्या अडचणीवर कर्ज काढले, आणि दोन्ही निर्णय त्या काळापुरते बरोबर होते.

१९६३ मध्ये खर्च ३८० अब्ज येनपर्यंत पोचणार हे उघडकीस आले. सोगो यांना मे महिन्यात पुन्हा नेमण्यात आले नाही आणि शिमाही त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. १ ऑक्टोबर १९६४ च्या सकाळी, ऑलिंपिक सामन्यांच्या नऊ दिवस आधी, तोक्यो स्थानकातून पहिली 'हिकारी' सुटली तेव्हा फलाटावर हे दोघे नव्हते. ताशी २१० किलोमीटर वेगाच्या या गाडीला ५१५ किलोमीटरसाठी सुरुवातीला चार तास लागत, वर्षभराने ३ तास १० मिनिटे. मार्ग पहिल्या दिवसापासून भरला. १९६७ च्या जुलैमध्ये दहा कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडला गेला आणि काही वर्षांतच मार्ग नफ्यात आला. जुन्या मार्गावरची जागा मालगाड्यांना आणि उपनगरी गाड्यांना मिळाली. टक्कर होऊन किंवा गाडी रुळांवरून घसरून या मार्गावर आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली: नागोया शहरात मार्गालगत राहणाऱ्यांनी आवाज आणि हादरे यांविरुद्ध १९७४ मध्ये दावा लावला आणि तो तडजोडीने मिटायला १९८६ उजाडले.

या यशातून जपानमध्ये जो धडा गिरवला गेला तो चुकीचा होता असे म्हणण्याला पुरेसा आधार आहे. तोकाइदोला नवा मार्ग मिळाला कारण जुना ओसंडून वाहत होता. १९७० च्या कायद्याने मात्र अतिवेगवान मार्ग सगळ्या देशाचा हक्क ठरवला, आणि १९७२ मध्ये पंतप्रधान झालेल्या तानाका काकुएई यांनी सबंध द्वीपसमूह अशा मार्गांनी विणण्याचे स्वप्न मांडले. तानाका यांच्या निगाता प्रांताकडे जाणारा, डोंगर फोडून काढलेला जोएत्सु मार्ग १९८२ मध्ये सुरू झाला. हारा ताकाशी यांचे 'प्रत्येक जिल्ह्याला रेल्वे' हे जुने धोरण पन्नास वर्षांनी प्रमाण मापावर परतले होते, आणि या वेळी ते फार महाग पडणार होते. सगळा दोष नव्या मार्गांवर टाकणे न्याय्य नाही, कारण तोट्यातले ग्रामीण मार्ग, मोठा नोकरवर्ग आणि राजकीय दबावाखाली गोठवलेले भाडे यांचा वाटाही मोठा होता. राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली ते वर्ष नेमके १९६४ होते. १ एप्रिल १९८७ रोजी तिचे विभाजन झाले तेव्हा एकूण देणी सुमारे ३७ लाख कोटी येन होती. त्यातला मोठा भाग सरकारी मंडळाकडे गेला, जमिनी विकूनही फिटला नाही, आणि १९९८ मध्ये उरलेली सुमारे २८ लाख कोटींची देणी सरकारी तिजोरीवर टाकून त्यांच्या फेडीसाठी तंबाखूवर खास कर बसवण्यात आला. रेल्वेत कधी पाऊल न ठेवणारा विडीबाज माणूसही तेव्हापासून तिचा हप्ता भरतो आहे.

मुंबई–अहमदाबाद मार्ग या इतिहासाशी जोडलेला आहे तो केवळ नावाने नाही. ५०८ किलोमीटरचा हा मार्ग लांबीने जवळजवळ तोकाइदोएवढाच आहे, तंत्र तिथलेच आहे, आणि २०१७ च्या सप्टेंबरात साबरमतीला त्याची पायाभरणी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केली. परंतु जुळणाऱ्या गोष्टींपेक्षा न जुळणाऱ्या अधिक बोलक्या आहेत. जपानने पैसा उसना घेतला आणि तंत्र घरचे वापरले. भारत दोन्ही एकाच सावकाराकडून घेत आहे, आणि १.०८ लाख कोटी रुपयांच्या मूळ अंदाजापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम त्या कर्जातून यायची आहे. जपानला अरुंद मापामुळे नव्या मापाकडे जावे लागले, तर भारताचे माप प्रमाण मापाहून रुंदच आहे आणि त्यावर वेग वाढवायला तेवढी आडकाठी नाही. नवा मार्ग प्रमाण मापाचा असल्याने त्यावरची गाडी जुन्या जाळ्यात कुठेच शिरू शकणार नाही. भरलेल्या मार्गाचा निकष लावायचा तर भारतात तोकाइदोची खरी भावंडे म्हणजे चार महानगरांना जोडणारे मार्ग आणि त्यांचे कर्ण होत, जे लांबीने सुमारे १६ टक्के असून निम्म्याहून अधिक वाहतूक वाहतात, आणि त्यांच्यावरचा भार हलका करण्यासाठी जवाहरलाल नेहरू बंदरापासून दादरीपर्यंत बांधलेला, जपानच्याच कर्जातला, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग सोगो यांच्या युक्तिवादाच्या अधिक जवळ जातो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा फरक पालघर जिल्ह्यात डोळ्यांत भरतो. अतिवेगवान मार्गाची विरार आणि बोईसर ही स्थानके याच जिल्ह्यातून जाताना लागतात, त्यासाठी शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि त्याला गावागावांतून विरोध झाला. त्याच जिल्ह्यात विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये पोचली ती दोनच रुळांवर, जिथे राजधानी, मालगाडी आणि दूध-भाजी घेऊन मुंबईला निघालेली बाई सगळ्यांनी एकमेकांसाठी खोळंबायचे असते; तिसरा आणि चौथा रूळ टाकण्याचे काम त्यानंतरच्या काळातले. १९५० च्या दशकातल्या जपानी अभियंत्याला या पट्ट्यावर आणून उभे केले असते, तर त्याने आधी कोणत्या रुळांकडे बोट दाखवले असते याबद्दल फारशी शंका वाटत नाही.

राहता राहिला व्याजाचा प्रश्न. भारताला मिळालेले कर्ज ०.१ टक्का व्याजाचे, ५० वर्षांच्या मुदतीचे आणि पहिली १५ वर्षे मुद्दल न फेडण्याच्या सवलतीचे आहे. १९६१ च्या पावणेसहा टक्क्यांपुढे ते जवळजवळ फुकट दिसते. पण जपानचे कर्ज डॉलरच्या हिशेबात होते, आणि १९७१ नंतर येन डॉलरपुढे वधारत गेला, त्याबरोबर देशाचे उत्पन्नही वाढत गेले, तेव्हा १९८१ मध्ये शेवटचा हप्ता दिला गेला तोवर त्या कर्जाचे ओझे हलके होऊन गेले होते. भारताचे कर्ज येनमध्ये आहे. १९६१ मध्ये, डॉलरचे दोन्ही दर ठरावीक असताना, एका रुपयाला सुमारे ७५ येन मिळत. पायाभरणीच्या वर्षी दोन येनही मिळत नव्हते. पुढल्या पन्नास वर्षांत ही घसरण थांबली तर सौदा स्वस्त ठरेल, आणि चालू राहिली तर ०.१ या आकड्याला फारसा अर्थ उरणार नाही.